तीस सेकंद आणि चार मिलिसेकंद

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग मुद्दाम आपटून पाहणाऱ्या चाचणीशाळा आहेत. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं, खालचा भाग किती बल सोसतो ते मोजायचं आणि अहवाल द्यायचा. अहवालातला किलोन्यूटनचा आकडा एका सेन्सरवर अवलंबून असतो आणि त्या सेन्सरची पत कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर. आघाताच्या चाचणीत हे सर्टिफिकेट कितपत पुरतं, यावर एक मामा आणि त्यांची भाची बोलताहेत. मामांनी बलमापनाच्या कॅलिब्रेशनमध्ये उभी कारकीर्द काढली, आता निवृत्त आहेत. भाची ड्रॉप टॉवर चालवते. माझा कल आधी पूर्णपणे भाचीकडे होता. तो कुठे हलला ते पुढे येईलच.

भाची : मामा, कॅलिब्रेशनच्या आयएसओ ३७६ मानकाप्रमाणे बल लावल्यावर वाचन घ्यायला किती वेळ थांबायचं?

मामा : किमान तीस सेकंद. त्याआधी पूर्ण बलापर्यंत तीनदा चढवून उतरवायचं, सेन्सरला बसू द्यायचं. मग पायरीपायरीने वाढवत जायचं. एक फेरी झाली की सेन्सर स्वतःच्या अक्षाभोवती १२० अंश फिरवून पुन्हा सगळं करायचं, मग २४० अंशांवर पुन्हा. बल कधीही अगदी मधोमध उतरत नाही, आणि त्या तिरपेपणाची चूक सेन्सर फिरवल्याशिवाय दिसत नाही.

भाची : माझ्या टॉवरवर अख्खा आघात चार मिलिसेकंदांत आटोपतो. तुझ्या एका वाचनाच्या वेळात तसे साडेसात हजार आघात मावतील. मग तुझं सर्टिफिकेट माझ्या आघाताबद्दल काय सांगतं?

मामा : सेन्सर खोटं बोलत नाही, एवढं सांगतं. अगं, जो स्थिर वजनालाच चुकतो, तो धक्क्याला बरोबर कसा येईल?

भाची : नाहीच येणार. पण स्थिर वजनाला बरोबर असलेला सेन्सर धक्क्याला चुकू शकतो. ते सर्टिफिकेटवर कुठे लिहिलेलं असतं?

मामा : आधी स्थिर वजन म्हणजे काय ते बघ, म्हणजे मी का अडून बसतो ते कळेल. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत वजनं टांगून बल तयार करतात. वस्तुमान ठाऊक, तिथलं गुरुत्व त्वरण मोजलेलं, हवेच्या उत्प्लावनाची वजावट केलेली. तिथून एक संदर्भ सेन्सर कॅलिब्रेट होतो, त्यावरून आमच्या प्रयोगशाळेचा, आणि आमच्यावरून तुझा. दर पायरीला अनिश्चितता थोडी वाढते, पण साखळी कुठे तुटत नाही. आणि साखळीत निष्काळजी करायला जागा नाही. पुस्तकातलं प्रमाण गुरुत्व त्वरण ९.८०६६५. पुण्यात ते सुमारे ९.७८ आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. कोणी इथे वजनं टांगून ९.८१ ने गुणलं, तर पाव टक्क्याहून जास्त चूक पहिल्याच पायरीला झाली. तुझ्या सेन्सरच्या सर्टिफिकेटवर अनिश्चितता ०.२ टक्के असते ना? ती तिथेच संपली.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. गुणाकाराच्या एका ओळीत चूक शिरते, ती पुढच्या सगळ्या कागदांवर त्याच प्रमाणात छापली जाते, आणि कोणत्याही वाचनात ती वेगळी उठून दिसत नाही. मामांच्या पिढीने या बारकाव्यांसाठी जो कडकपणा राखला, त्यावरच आजच्या चाचणीशाळा उभ्या आहेत.

भाची : मान्य. पण माझा सेन्सर क्वार्ट्झचा आहे. १८८० साली क्युरी बंधूंनी दाखवलं ना, स्फटिक दाबला की विद्युतभार येतो? एका न्यूटनला एका चकतीमागे २.३ पिकोकूलंब. एवढासा भार धरून ठेवायचा तर केबल आणि कनेक्टरचं इन्सुलेशन अफाट चांगलं हवं. पावसाळ्यात कनेक्टरला ओल धरली की वाचन नुसतं सरकत राहतं. तीस सेकंद थांबले तर मी बल वाचतेय की गळती, तेच कळत नाही.

मामा : त्यावर उपाय आहे. वजन आधी ठेवायचं, चार्ज अँप्लिफायर शून्य करायचा, आणि वजन झटकन उचलायचं. वाचन उणे दिशेला जातं. ती पायरी म्हणजे तुझं बल. दोन-तीन सेकंदांत काम होतं, तेवढ्यात गळती फारशी होत नाही. आणि कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, बोट लावायचं नाही.

भाची : तसंच करते. पण तेव्हा सेन्सर असतो कुठे? तुझ्या टेबलावर. माझ्याकडे तो टपच्या, म्हणजे पडणाऱ्या वजनाच्या आदळणाऱ्या भागाच्या आत, वरून-खालून घट्ट दाबलेला. क्वार्ट्झच्या रिंगला मधून बोल्ट घालून प्रीलोड द्यावाच लागतो, नाहीतर फटी उघडतात आणि वाचन वाकडं येतं. पण बोल्ट आला की आघाताच्या बलातला थोडा वाटा बोल्टमधूनच निघून जातो. काही टक्के, कधी दहा टक्क्यांपर्यंत. सेन्सरला तेवढं बल दिसतच नाही. सर्टिफिकेट सुट्या सेन्सरचं आहे, आणि मोजमाप बसवलेला सेन्सर करतो.

मामा : मग बसवलेलाच आणायचा. टप, बोल्ट, टोक, सगळं जसंच्या तसं. टॉर्क रेंचने किती आवळलंय ते लिहून, वर खूण करून. आम्ही अख्ख्या जोडणीचं कॅलिब्रेशन करून देऊ शकतो, लोक आणत नाहीत. त्यांना सुटा सेन्सर कुरियरने पाठवायचा असतो.

इथे भाची थोडी थांबली. मामांवर तिचा आक्षेप होता की ते सेन्सरला जोडणीपासून तोडून बघतात, आणि मामा तर जोडणीच मागत होते. तरीही तिचा मुख्य मुद्दा अजून बाकी होता.

भाची : बसवलेल्या टपचं स्थिर कॅलिब्रेशन झालं असं धरू. आता हिशेब कर. पडणारं वजन एकूण १० किलो, त्यातलं सेन्सरच्या खालचं टोक अर्धा किलो. एक मीटरवरून सोडलं तर खाली पोचताना वेग ४.४२ मीटर प्रतिसेकंद. टोक भागाला टेकलं, आणि संपूर्ण १० किलोला थांबवणारं बल टोकाच्या पुढच्या पृष्ठभागावर लागतंय. सेन्सर टोकाच्या मागे आहे. त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त वरच्या साडेनऊ किलोला थांबवणारं बल. उरलेलं टोकाला थांबवण्यात खर्च झालेलं असतं. सेन्सर पाच टक्के कमी दाखवतो, आणि त्यात सेन्सरचा काही दोष नाही. तुझ्या टेबलावर टोकाला त्वरण नव्हतं, म्हणून हे पाच टक्के तिथे शून्य होते.

मामा : म्हणजे १० भागिले ९.५ ने गुणायचं. १.०५३. हा तर वजनकाट्याचा प्रश्न झाला. टोक काढ, तोल, गुणक लिही.

भाची : टोक दगडासारखं ताठ असेल तर एवढंच. पण ते स्प्रिंगवर बसलंय. सेन्सर म्हणजे अतिशय ताठ स्प्रिंगच. दर मायक्रोमीटरला एक किलोन्यूटन इतका ताठ सेन्सर आणि त्यावर एक किलोची प्लेट घेतली, तर नैसर्गिक वारंवारता पाच हजार हर्ट्झच्या आसपास येते. मोठा भाग ठेवायला कोणी चार किलोची प्लेट लावली की ती अडीच हजारावर उतरली. सेन्सर तोच, सर्टिफिकेट तेच. सलग साइनलहरीचा विचार केला तर तिची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या पाचव्या भागाला पोचली की वाचन चार टक्के फुगतं, आणि त्यापुढे झपाट्याने वाढतं. रबरी भागावर मला याची चिंता नसते. ॲल्युमिनियमवर धातूचं टोक आदळलं, आघात अर्ध्या मिलिसेकंदात संपला, की आलेखाच्या माथ्यावर जी थरथर दिसते, ती भागाची की माझ्या प्लेटची ते ओळखायला हवं.

मामा : आणि तू ते ओळखतेस कसं?

भाची : आवेगाने. प्रकाशाच्या गेटने आदळण्याआधीचा आणि उसळून वर जातानाचा वेग मोजते. समज, आधी ४.४२ आणि नंतर १.५. वस्तुमान १० किलो, म्हणजे संवेगातला बदल ५९.२ न्यूटन-सेकंद. बल-वेळ आलेखाखालचं क्षेत्रफळ तेवढंच यायला हवं, आघात चालू असतानाचा गुरुत्वाचा किंचित वाटा धरून. सेन्सर टोकामागे असल्यामुळे ते ५६.२ च्या जवळ आलं, तर पाच टक्क्यांचा हिशेब बरोबर आहे असं कळतं. वजन आणि वेग या दोन्ही गोष्टी तुझ्या साखळीतूनच येतात. माझ्या टॉवरवर रोज सकाळी होणारं हे कॅलिब्रेशन आहे, आणि त्याला सर्टिफिकेटची वाट बघावी लागत नाही.

संवेगावरून धडकेचं माप काढायची ही रीत फार जुनी आहे. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये तोफखान्यावरच्या ग्रंथात बॅलिस्टिक लंबक मांडला. जड लाकडी लंबकात गोळी झाडायची, लंबक किती झुलला ते बघायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. त्याआधी बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायला भरवशाचं साधन नव्हतं. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. क्षणभराचं बल थेट पकडता येत नसेल, तर त्याने मागे ठेवलेला गतीतला बदल मोजावा, हा त्याचा विचार भाचीच्या प्रकाशाच्या गेटमध्ये आजही तसाच काम करतो.

मला वाटलं होतं की वाद इथे संपेल. पण मामांचा यानंतरचा प्रश्न या संपूर्ण बोलण्यातला सर्वांत मोलाचा होता.

मामा : तुझ्या अहवालात काय छापलेलं असतं? क्षेत्रफळ?

भाची : नाही. महत्तम बल.

मामा : मग क्षेत्रफळ जुळलं म्हणून माथा जुळला असं कोणी सांगितलं? सिग्नलवर लो-पास फिल्टर लाव. माथा छाटला जाईल, आलेख आडवा पसरेल, पण क्षेत्रफळ तेवढंच राहील. तुझ्या प्लेटची थरथर माथ्यावर दहा टक्के चढली आणि मग तेवढीच उतरली, तरी बेरीज तीच. आवेगाची परीक्षा गुणकाची चूक पकडते. आकाराची चूक तिच्या हातून निसटते. आणि तुझा ग्राहक आकाराच्या टोकाचेच पैसे देतो.

भाची : म्हणून पडणाऱ्या वजनावर त्वरणमापक लावते. वस्तुमान गुणिले त्वरण आणि सेन्सरचं बल, दोन्ही आलेख एकावर एक ठेवते. आधी जाड रबरावर, मग प्लास्टिकवर, मग ॲल्युमिनियमवर. आघात आठ मिलिसेकंदांचा असतो तिथे दोघांचं गुणोत्तर स्थिर असतं. आघात लहान होत जातो तसं ते कुठेतरी हलायला लागतं. जिथे हलतं, तिथे माझ्या जोडणीची मर्यादा. त्याहून लहान आघाताचा माथा मी छापत नाही.

मामा : हे चांगलं आहे. फक्त दोन गोष्टी. त्वरणमापकही स्वतंत्रपणे कॅलिब्रेट झालेला हवा, नाहीतर दोन आंधळे एकमेकांना वाट दाखवतील. आणि टप १२० अंश फिरवून तेच आघात पुन्हा घे. तो तिरपा आदळत असेल तर तुझ्या आलेखात नक्की दिसेल.

भाची : टॉवरवर टप फिरवून? हे करून पाहिलं पाहिजे.

मामा : आता मला सांग, गुणोत्तर हललं तर बरेच जण काय करतात? सेन्सरचा गुणक थोडा ढकलून जुळवून घेतात. पेंडुलमच्या हातोड्याने नमुना तोडायच्या चार्पी चाचणीत तर ही पद्धत कागदावर आलेली आहे.

भाची : हो. इन्स्ट्रुमेंटेड चार्पीत हातोड्याच्या धारेवर स्ट्रेनगेज असतात. बलाच्या आलेखावरून काढलेली ऊर्जा आणि पेंडुलम किती वर गेला त्यावरून डायलवर दिसणारी ऊर्जा, या दोन्ही जुळायला हव्यात. फरक ठरावीक मर्यादेत असेल, तर बल त्या प्रमाणात जुळवून घ्यायची मुभा अमेरिकन एएसटीएम ई २२९८ हे मानक देतं. धारेचं स्थिर कॅलिब्रेशन वेगळ्या आधारावर केलेलं असतं, प्रत्यक्ष आघातात धार आणि नमुना यांचा स्पर्श वेगळा असतो, म्हणून फरक येतो. जुळवणं चूक कसं?

मामा : एकदा जुळवलंस की ती तपासणी राहत नाही. डायलची ऊर्जा आणि सेन्सरची ऊर्जा ही दोन स्वतंत्र साक्ष होती. एकीला दुसरीचं म्हणणं पढवलं. उद्या डायलच्या बेअरिंगचं घर्षण वाढलं, पेंडुलमचा पाया ढिला झाला, तरी तुझी दोन्ही वाचनं गोड जुळतील. जुळवायचंच असेल तर किती जुळवलं ते प्रत्येक अहवालात लिही, आणि तो आकडा महिन्यागणिक कुठे सरकतोय ते बघ. तो सरकला तर सेन्सर बिघडला की यंत्र, हा शोध सुरू कर. जुळवून गप्प बसायचं नाही.

या जागी माझा कल मामांकडे झुकला. भाचीच्या बाजूचं भौतिकशास्त्र मजबूत आहे, पण मापन विश्वासार्ह ठेवण्याचं काम मामांना जास्त कळतं असं मला वाटतं. दोन मापं वेगवेगळ्या वाटांनी येतात तेव्हाच त्यांचं जुळणं काहीतरी सांगतं, ही शिस्त त्यांनी स्थिर वजनांच्या खोलीत कमावली आणि ती धक्क्याच्या यंत्रालाही लागू पडते.

आघाताच्या बलाचं कॅलिब्रेशन कसं करायचं, या प्रश्नावर गंभीर काम झालेलं आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय मापनसंस्थेने आघाताच्या बलासाठी खास यंत्र उभं केलं. हवेच्या बेअरिंगवर तरंगणारी दोन दहा-दहा किलोंची वस्तुमानं एकमेकांवर आदळतात, मध्ये सेन्सर असतो, आणि दोन्ही वस्तुमानांची हालचाल लेसरने मोजतात. बल थेट वस्तुमान गुणिले त्वरण म्हणून मिळतं, २० किलोन्यूटनपर्यंत. जपानमध्ये गुन्मा विद्यापीठात युसाकू फुजी यांनीही तरंगत्या वस्तुमानाचीच पद्धत लहान बलांसाठी बारकाईने विकसित केली. पीटीबीच्या कामातून पुढे आलेली गोष्ट अशी, की आघाताच्या सेन्सरला संवेदनशीलतेचा एकच आकडा पुरत नाही. त्याचा ताठपणा, त्याचं अवमंदन, आणि संवेदक भागाच्या दोन्ही बाजूंची वस्तुमानं ठरवावी लागतात. मग तुमच्या जोडणीत तो कसा वागेल ते त्यावरून काढता येतं.

मामा : ते ठीक. पण माझा खरा प्रश्न अजून तसाच आहे. कॅलिब्रेशन नंतर, आधी हे सांग, तुला कुठलं बल हवंय? टोकाच्या पुढच्या पृष्ठभागावरचं की सेन्सर बसलाय त्या जागेचं?

भाची : ते चाचणीवर अवलंबून आहे.

मामा : म्हणजे १.०५३ चा गुणक प्रत्येक वेळी लावायचा नाही?

भाची : नाही. भागावर पडलेलं बल हवं असेल तर लावायचा. पण क्रॅश डमीचं उदाहरण घे. हायब्रिड थ्री पुतळ्याच्या मांडीच्या हाडात लोडसेल असतो, आणि तिथल्या दाबाची मर्यादा सुमारे १० किलोन्यूटन धरलेली आहे. ती मर्यादा त्या जागेच्या बलाची आहे. गुडघ्याचं वस्तुमान धरून डॅशबोर्डवरचं बल काढायला गेलं तर मर्यादेचा अर्थच बदलेल. आणि त्याच पुतळ्याचा गुडघा तपासायची चाचणी उलट आहे. पाच किलोचा पेंडुलम २.१ मीटर प्रतिसेकंद वेगाने गुडघ्यावर आदळतो, आणि बल ४.७१५ ते ५.७८२ किलोन्यूटनच्या आत असावं लागतं. ते बल लोडसेलला विचारतच नाहीत. पेंडुलमचं वस्तुमान गुणिले त्याचं त्वरण. एकाच गुडघ्यावरची ही दोन बलं वेगळी, आणि दोन्ही खरी.

मामा : खिडकी बघ केवढी आहे. मधल्या आकड्यापासून वर-खाली दहा टक्के. त्यात मोजमापातच पाच टक्के गेले, तर निम्मी मोकळीक संपली, आणि चांगला पुतळा नापास किंवा खराब पुतळा पास.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप लागू झालं. समोरून ६४ किलोमीटर प्रतितास वेगाने गाडी धडकवतात आणि पुतळ्यांच्या मान, छाती, मांडीच्या वाचनांवरून तारे देतात. गाडी घेणारं कुटुंब तारे बघतं. त्या ताऱ्यांच्या तळाशी असे लोडसेल, त्यांचे गुणक, त्यांचे फिल्टर आणि ते कुठे बसवलेत याच्या नोंदी असतात. म्हणून मला हा वाद दोन तज्ज्ञांचा खाजगी वाद वाटत नाही.

मामा : मग आता तुझ्या अहवालात काय लिहिणार?

भाची : सेन्सर कुठे आहे, त्याच्या आणि भागाच्या मध्ये किती वस्तुमान आहे, छापलेलं बल कोणत्या जागेचं आहे. स्थिर कॅलिब्रेशन बसवलेल्या टपचं की सुट्या सेन्सरचं. जोडणीची नैसर्गिक वारंवारता, लावलेला फिल्टर, आणि किती लहान आघातापर्यंत माथा तपासलेला आहे. गुणक जुळवला असेल तर किती.

मामा : आणि अनिश्चितता?

भाची : तीन टक्के.

मामा : सर्टिफिकेटवर ०.२ असताना तीन? ग्राहक शेजारच्या चाचणीशाळेत जाईल. तिथे ०.२ छापून मिळतं.

भाची : गेला तर जाईल. ०.२ हा सेन्सरचा आकडा आहे, मामा. टोकाचं वस्तुमान, बोल्टमधून जाणारा वाटा, त्वरणमापकाशी राहिलेला फरक आणि टप फिरवल्यावर येणारा फरक, हे सगळं मिळून माझ्या टॉवरला तीनच्या खाली जाता येत नाही. तू सांग कुठला आकडा गाळू.

मामा : कुठलाच नको. पण टप फिरवायचं अजून केलेलं नाहीस. ते झाल्यावर साडेतीन निघाले, तर साडेतीन छाप.